चर्चमधलं लग्न : देवासमोर लागलं, पण कागदावर लागलं का?

आर्णी : तालुक्यात आणि आसपासच्या दारव्हा, दिग्रस, घाटंजी भागात ख्रिस्ती कुटुंबं थोडी आहेत, पण आहेत. कुठे जुनी मंडळी आहे, कुठे अलीकडे घरात किंवा टिनाच्या शेडमध्ये प्रार्थना सुरू झाली आहे. लग्नसराई आली की या घरांतही मांडव पडतो, हळद लागते, जेवणावळी होतात आणि पाळक किंवा फादर वधूवरांना आशीर्वाद देतात. गावाच्या नजरेत लग्न लागलं. पण पुढे दहा वर्षांनी शेताच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जावं लागतं, विम्याचा दावा करावा लागतो किंवा कोर्टाची पायरी चढावी लागते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "लग्नाचा कागद कुठे आहे? लग्न कोणी लावलं?"

इथेच बऱ्याच जणांची गाडी अडते. लग्न लावणाऱ्याला कायद्याने अधिकार होता की नाही, हे लग्नाच्या दिवशी कोणी विचारलेलं नसतं. म्हणून चर्चमधल्या लग्नाची धर्माची बाजू कोणती, कायद्याची कोणती आणि दोन्ही कुठे जुळतात, हे नीट समजून घेतलेलं बरं.

कायदा दीडशे वर्षांचा, पण आजही चालू

ख्रिस्ती लग्नासाठी भारतात वेगळा कायदा आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२. इंग्रजांच्या काळातला असला तरी महाराष्ट्रात आजही तोच लागू आहे. त्यातलं कलम ४ सर्वात महत्त्वाचं. वधू किंवा वर यांपैकी एक जण जरी ख्रिस्ती असेल, तरी या कायद्याखाली लागणारं लग्न त्यातल्या नियमाप्रमाणेच लागलं पाहिजे. नाहीतर ते रद्दबातल, म्हणजे कायद्याच्या लेखी लागलेलंच नाही.

मग लग्न कोण लावू शकतो? ते कलम ५ सांगतं. सोप्या भाषेत असं :

१) ज्याला बिशपच्या हातून दीक्षा मिळाली आहे असा धर्मगुरू. रोमन कॅथलिक फादर यात येतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे दीक्षित पाळकही यात येतात. त्यांनी आपल्या चर्चच्या विधीप्रमाणे लग्न लावायचं.

२) चर्च ऑफ स्कॉटलंडचा धर्मगुरू. हे कलम जुन्या काळातलं आहे, आपल्याकडे आता त्याचा फारसा संबंध येत नाही.

३) राज्य सरकारने कलम ६ खाली परवाना दिलेला पाळक.

४) या कायद्याखाली नेमलेला विवाह निबंधक.

५) भारतीय ख्रिस्ती लोकांना लग्नाचं प्रमाणपत्र देण्याचा परवाना कलम ९ खाली मिळालेली व्यक्ती.

या यादीत जो नाही, त्याने लग्न लावलं तर ते कायद्याने लागत नाही. वचन कितीही चांगलं सांगणारा पाळक असो, पंचवीस वर्षं प्रार्थना चालवणारा असो, परवाना नसेल तर तो लग्नाला आशीर्वाद देऊ शकतो, लग्न लावू शकत नाही. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे धोका जोडप्याला आहे तसाच पाळकालाही आहे.

आपल्या भागात बरेच पाळक स्वतंत्र मंडळी चालवतात. ते कोणत्याही बिशपच्या हाताखाली नसतात. त्यातल्या काहींकडे परवाना असतो, काहींकडे नसतो. परवाना सरकार देते आणि ते राजपत्रात येतं. त्यामुळे तारीख काढण्याच्या आधी "पाळक साहेब, लग्न लावायचा परवाना आहे ना? त्याची झेरॉक्स द्याल का?" असं विचारण्यात काही अपमान नाही. ज्याच्याकडे परवाना आहे तो हसत दाखवतो.

धर्माच्या बाजूने लग्न म्हणजे काय

कॅथलिक चर्चमध्ये लग्न हा सात संस्कारांपैकी एक संस्कार आहे. त्यांच्या शिकवणुकीनुसार लग्न फादर लावत नाहीत. वधूवर एकमेकांना जे वचन देतात त्यानेच लग्न लागतं, फादर चर्चच्या वतीने ते वचन मागतात आणि स्वीकारतात. म्हणूनच दोघांची खुशी हा लग्नाचा गाभा मानतात. जबरदस्तीने, धाकाने किंवा मोठी गोष्ट लपवून घेतलेली संमती चर्चच्या लेखी संमतीच नाही. १९८३ च्या चर्च कायद्यानुसार अधिकार असलेला धर्मगुरू आणि दोन साक्षीदार समोर असावे लागतात.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये संस्कार दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लग्न हे देवासमोर केलेला करार मानतात. विधी थोडाफार वेगळा असतो, पण शपथ, अंगठी, शास्त्रवाचन आणि आशीर्वाद हे सगळीकडे असतं. मराठी ख्रिस्ती लग्नात बऱ्याच ठिकाणी क्रूस असलेलं मंगळसूत्रही घालतात. हळद, मांडव, वरात हे गावाच्या रिवाजाप्रमाणे. यातल्या कशालाही कायद्याची हरकत नाही आणि यातलं काही केलं नाही म्हणून लग्न मोडतही नाही. कायदा फक्त तीन गोष्टी बघतो : लग्न कोणी लावलं, साक्षीदार कोण होते आणि नोंद झाली का.

यवतमाळ जिल्हा कॅथलिक चर्चच्या अमरावती धर्मप्रांतात येतो. प्रोटेस्टंट मिशनचं कामही जिल्ह्यात जुनं आहे. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अनेक मंडळ्या एक होऊन तयार झालेलं चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं. सांगायचं एवढंच, की जुन्या मंडळ्यांकडे लग्नाचे दफ्तर असतात. आजीआजोबांच्या लग्नाचा पुरावा हवा असेल तर आधी तिथे चौकशी करावी.

लग्नाआधीची सूचना कशासाठी?

चर्चमध्ये लग्नाआधी आराधनेच्या वेळी वधूवरांची नावं पुकारतात. बऱ्याच ठिकाणी लागोपाठ तीन रविवार. काहींना वाटतं ही नुसती रीत आहे. तसं नाही. आधीचं लग्न लपवलं आहे का, जवळचं नातं आहे का, वय कमी आहे का, हे गावासमोर यावं म्हणून ती आहे.

परवानाधारक पाळक लग्न लावणार असेल तर कायद्यातही लेखी सूचना सांगितली आहे. नाव, आडनाव, धंदा, राहण्याचं ठिकाण, तिथे किती दिवसांपासून राहतो आणि लग्न कोणत्या चर्चमध्ये किंवा घरात होणार, हे लिहून द्यायचं. ती सूचना चर्चमध्ये ठळक ठिकाणी लावली जाते. मग पाळक सूचनेचं प्रमाणपत्र देतो. त्याआधी वधू किंवा वराने, लग्नाला नात्याची किंवा दुसरी कायदेशीर अडचण नाही, असं जाहीर करायचं असतं. प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ते प्रमाणपत्र रद्द होतं आणि सगळं परत करावं लागतं.

वयाचं बघू. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ सगळ्या धर्मांना लागू आहे. कमी वयात लग्न लावणारा पाळक असो, आईवडील असोत, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात असं काही दिसलं तर चाइल्डलाइन १०९८ वर फोन करता येतो.

एक बारीक गोष्ट फार जणांना माहीत नसते. १८७२ च्या कायद्यात २१ पूर्ण न झालेली व्यक्ती अज्ञान धरली आहे. त्यामुळे मुलगी १९ किंवा २० ची असेल तर परवानाधारक पाळक वडिलांची संमती मागतो. वडील नसतील तर पालकाची, पालक नसेल तर आईची. पाळकाने असा कागद मागितला तर तो उगाच अडवतो आहे असं समजू नये.

वेळ, जागा आणि साक्षीदार

लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात लावायचं, असं कलम १० म्हणतं. जागा चर्चची. पाच मैलांच्या आत चर्च नसेल किंवा खास परवानगी असेल तर दुसरीकडे. कॅथलिक आणि काही चर्चना यात वेगळी सवलत आहे. पाळकाशिवाय किमान दोन साक्षीदार समोर हवेत.

आता समजा वरात उशिरा आली आणि लग्न रात्री साडेसातला लागलं. लग्न रद्द झालं का? नाही. कलम ७७ सांगतं, की अधिकार असलेल्या माणसाने लग्न लावलं असेल तर सूचना, वेळ, जागा, राहण्याचा पत्ता किंवा नोंदीतली चूक यामुळे लग्न रद्द होत नाही. पाळकाला मात्र नियम मोडल्याबद्दल उत्तर द्यावं लागू शकतं.

म्हणजे कायदा घड्याळाच्या चुकीला सांभाळून घेतो. लग्न लावणाऱ्याला अधिकारच नसेल, तर ती चूक सांभाळून घेत नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नोंद कुठे होते?

लग्न लागल्याबरोबर चर्चच्या विवाह नोंदवहीत लिहिलं जातं. त्यावर वधू, वर, लग्न लावणारा आणि दोन साक्षीदार सही करतात. परवानाधारक पाळकाने त्याचं प्रमाणपत्र एका महिन्याच्या आत विवाह निबंधकाकडे पाठवायचं असतं. कॅथलिक चर्चमध्ये बिशपने ठरवलेल्या नमुन्यात नोंद होते आणि दर तीन महिन्यांनी तिची माहिती वर जाते. या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल कोर्टात पुरावा म्हणून चालते.

सही करण्याआधी वाचा. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे आहे का? जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहे का? बाप्तिस्म्याचं नाव वेगळं आणि आधारवरचं वेगळं, असं पुष्कळदा होतं. तेव्हा दोन्ही नावं लिहून घ्यावीत. लग्नाच्या गर्दीत दोन मिनिटं जास्त गेली तर काही बिघडत नाही. पुढे दुरुस्तीला महिने जातात.

सगळ्या धर्मांच्या लग्नाची नोंद झालीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात २००६ साली सांगितलं. नोंद नाही म्हणून खरं लग्न खोटं होत नाही, पण सिद्ध करताना दमछाक होते.

एक ख्रिस्ती, एक हिंदू असेल तर?

असे प्रश्न आता गावातही येतात. इथे तीन रस्ते दिसतात, त्यातला एक बंद आहे.

पहिला, चर्चमध्ये लग्न. कायद्याला एकच जण ख्रिस्ती असला तरी चालतं. पण चर्चचे आपले नियम असतात. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचं तर बिशपकडून सूट घ्यावी लागते. कॅथलिक जोडीदाराला आपला विश्वास सांभाळीन आणि मुलांना त्या विश्वासात वाढवण्याचा प्रयत्न करीन असं वचन द्यावं लागतं. दुसऱ्या जोडीदाराला ते आधीच सांगितलं जातं. काही प्रोटेस्टंट मंडळ्या असं लग्न लावतच नाहीत. तो त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे.

दुसरा, विशेष विवाह कायदा, १९५४. यात कोणी धर्म बदलायची गरज नाही. दोघांपैकी एक जण जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न.

तिसरा, देवळात किंवा मांडवात हिंदू विधीने लग्न. हाच तो बंद रस्ता. आंध्र प्रदेशातल्या एका जोडप्याचं लग्न १९९६ साली असं झालं होतं. नवरा रोमन कॅथलिक, बायको हिंदू. हिंदू विवाह कायद्याखाली नोंदही झाली होती. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की हिंदू विवाह कायद्याखाली दोघंही हिंदू असले पाहिजेत. एक जण ख्रिस्ती असेल तर ते लग्न रद्दबातल. नोंदणीचा शिक्का असूनही उपयोग झाला नाही.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न

हा विषय नाजूक आहे, पण लपवून चालत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मातल्या व्यक्तीलाच मिळतो. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्याला मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच परत सांगितलं. बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू आणि दाखला मात्र हिंदू अनुसूचित जातीचा, हे चालणार नाही असा त्याचा अर्थ.

अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. त्यामुळे आपल्या भागातल्या गोंड, कोलाम, आंध कुटुंबांनी दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नये. चर्चच्या कागदावर आपण काय लिहून देतो, हे समजून सही करावी.

नवरा गेल्यावर शेत कोणाचं?

लग्नाच्या कागदाची खरी किंमत इथे कळते. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकी दोन तृतीयांश मुलांना. मुलगा आणि मुलगी सारखेच. मुलंबाळं नाहीत पण नवऱ्याकडचे रक्ताचे नातेवाईक असतील तर विधवेला अर्धा वाटा.

समजा सहा एकर शेत आहे, मागे बायको, एक मुलगा आणि एक मुलगी. वाटणी दोन-दोन-दोन एकर. पण दीराने उठून म्हटलं, "वहिनींचं लग्न त्या शेडमध्ये लागलं होतं, पाळकाला परवाना नव्हता, म्हणजे लग्नच नाही," तर? मग तलाठ्याकडची गाव नमुना ६ क मधली वारस नोंद अडते. वाद कोर्टात जातो. शेतकरी अपघात अनुदानाचे दोन लाखही वारसाच्या कागदावर अवलंबून असतात. घरचा कर्ता गेल्यावर हे कागद गोळा करणं किती जड जातं, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं.

आणखी एक. या कायद्यात लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झालं की आपोआप रद्द होतं. ज्यांनी आधी लिहून ठेवलं असेल त्यांनी लग्नानंतर नवीन करावं.

संसार मोडला तर कोण मोकळं करणार?

यात सगळ्यात जास्त गैरसमज आहे. कॅथलिक चर्चचं स्वतःचं न्यायासन असतं. लग्न सुरुवातीपासूनच खरं नव्हतं, असं ते ठरवू शकतं. पण तो निर्णय फक्त चर्चपुरता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मॉली जोसेफ खटल्यात सांगितलं, की चर्चच्या न्यायासनाने दिलेल्या निर्णयाने कायद्याचं लग्न मोडत नाही. कर्नाटकातल्या क्लॅरेन्स पैस यांनी चर्चच्या निर्णयाला मान्यता मिळावी म्हणून याचिका केली होती, ती जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली.

म्हणून चर्चने मोकळं केलं आणि कोर्टाचा घटस्फोट न घेता दुसरं लग्न केलं, तर तो गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उलट बाजूही आहे. कोर्टाने घटस्फोट दिला तरी कॅथलिक चर्च पहिलं लग्न कायमच धरतं. चर्चचा निर्णय आल्याशिवाय फादर दुसरं लग्न लावत नाहीत. दोन दरवाजे आहेत, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या आहेत.

ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा आहे. २००१ मध्ये त्यात मोठा बदल झाला. आधी नवऱ्याला फक्त व्यभिचार दाखवून सुटता येत होतं, बायकोला मात्र व्यभिचारासोबत आणखी छळ वगैरे सिद्ध करावा लागत होता. आता दोघांना कारणं सारखी आहेत. छळ, दोन वर्षं सोडून जाणं ही कारणं बायकोलाही स्वतंत्रपणे चालतात. दोघांच्या संमतीने घटस्फोटाचीही सोय झाली. पोटगी मात्र धर्म बघत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली कोणत्याही धर्माची बायको, मुलं, म्हातारे आईवडील मागू शकतात. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो.

लग्न होऊन गेलं आणि आता शंका येते आहे, तर?

घाबरून जायचं कारण नाही. आधी पाळकाला परवाना होता का ते विचारा. होता, तर नोंदवहीची नक्कल काढून ठेवा. नव्हता, तर विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ चा रस्ता आहे. लग्नाचा विधी झालेला आहे, तेव्हापासून दोघं नवराबायको म्हणून एकत्र राहतात, दोघांचंही वय २१ पूर्ण आहे आणि जिल्ह्यात ३० दिवस राहणं आहे, अशा जोडप्याला विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोंद मागता येते. याही अर्जावर ३० दिवसांची सूचना असते. नोंद झाल्यावर आधी झालेली मुलंही कायदेशीर धरली जातात. वय किंवा आधीच्या लग्नाची काही गुंतागुंत असेल तर वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

हे दोघंही धडधाकट असताना करायचं काम आहे. एक जण गेल्यावर हा रस्ता उरत नाही.

तारीख काढण्याआधी एवढं बघा

- लग्न लावणारा कलम ५ मध्ये बसतो का? परवानाधारक असेल तर परवान्याची झेरॉक्स घ्या.
- दोघांच्या वयाचा पुरावा, आधार आणि बाप्तिस्म्याचा दाखला काढून ठेवा.
- आधी लग्न झालं असेल तर कोर्टाचा हुकूम किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला हवा.
- मुलगी २१ च्या आत असेल तर वडिलांच्या संमतीचं विचारून घ्या.
- दोन साक्षीदार असे घ्या, की जे पुढे बोलावलं तर येतील.
- नोंदवहीत सही करण्याआधी नाव आणि तारीख वाचा.
- प्रमाणपत्राच्या दोन-तीन नकला काढा. एक माहेरी, एक सासरी ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढा.

मांडव, बँड, जेवण यासाठी महिनाभर धावपळ होते. त्यातला एक दिवस या कागदांना दिला, तर पुढे लेकीला कोणाच्या दारात आपलं लग्न खरं होतं हे सांगत बसावं लागणार नाही.